चव्वेचाळिसावी वही आणि बाकीचे सामान

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, अविवाहित, रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून लिहून ठेवते. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालू शकेल असे माणूस या घरात एकच आहे आणि त्याच्याशी मी सध्या कामापुरते बोलते.

माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असते आणि वाचणारा त्यावरून नजर फिरवून पुढे जातो. इथे कृपया थांबावे. माझी बुद्धी शाबूत आहे की नाही याची अकरा महिने मला स्वतःला खात्री नव्हती. ती का नव्हती हे सांगितल्याशिवाय पुढची वाटणी कोणाला कळणार नाही, म्हणून हा कागद लांबला आहे. वकील म्हणाले होते, दोन पानांत बसवू. मी म्हटले, तुम्ही तुमचे दोन पानांत बसवा, नोंदणी मात्र माझ्या कागदाची होईल.

त्यांनी एक गोष्ट माझ्याकडून करून घेतली. सगळ्यांची पूर्ण नावे, पत्ते आणि मिळकतीचा तपशील त्यांनी टंकलिखित जोडपत्रात दिला आहे. इथे मी माणसांना घरात जे म्हणते तेच म्हणणार आहे. माझ्याहून तीन वर्षांनी लहान बहीण, ती धाकटी. तिची एकुलती मुलगी, ती भाची. रक्ताची म्हणावीत अशी एवढी दोनच माणसे मला उरली आहेत.

सहा वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी या कागदाने रद्द करते. त्यात धाकटीचा उल्लेख 'माझी विश्वासू बहीण' असा आहे. नव्या कागदाने जुना कागद सगळाच रद्द होतो, एकेक शब्द वेगळा रद्द करावा लागत नाही, असे वकील समजावत होते. मला ते समजते. तरीही 'विश्वासू' हा शब्द मी वेगळा रद्द करते.

कलम एक. घर.

दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जिन्याकडची अडगळीची खोली मी माझ्या पगारातून घेतली. यात वडिलोपार्जित काही नाही, तेव्हा कोणा दूरच्या भाऊबंदाने उगाच जिना चढण्याचे कष्ट घेऊ नयेत. धाकटीला या घरात तिच्या हयातीपर्यंत राहता येईल. तिच्यानंतर घर भाचीचे.

मी धाकटीला बाहेर काढणार होते. तसा कच्चा खर्डा वकिलांकडे पडून आहे. मग विचार केला की ही जिथे जाईल तिथे 'ताईने मला या वयात घराबाहेर काढलं' असे सांगेल, आणि ते इतक्या मऊ आवाजात सांगेल की माझी बाजू ऐकायला कोणी थांबणार नाही. त्यापेक्षा तिने इथेच राहावे. खिडकीजवळची खुर्ची मी तिला दिलेली नाही, पण मी गेल्यावर ती त्यात बसणारच, म्हणून तीही दिली.

अडगळीच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाची किल्ली मात्र तिच्या हाती जाणार नाही. ती वकिलांच्या तिजोरीत आहे आणि तिथून थेट भाचीकडे जाईल.

कलम दोन. बँकेतली शिल्लक भाचीला. त्यातून आधी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात छताचे दोन पंखे बसवावेत. त्या पंख्यांसाठी मी नऊ वर्षे अर्ज केले. देणगीदार म्हणून त्यावर माझे नाव नको. 'अर्ज मंजूर' एवढेच लिहावे.

कलम तीन. माझी हत्यारे: आपोआप पुढचा आकडा टाकणारा क्रमांकाचा शिक्का, कागदांना भोके पाडायची टोचणी, मेण लावलेला दोरा, लोखंडी पट्टी आणि लाकडी पेटी. ही सगळी, आता त्या विभागाची प्रमुख असलेल्या बाईला द्यावीत. तिला काम मी शिकवले आणि शिकवताना दोनदा रडवले. पहिल्यांदा तिची चूक होती, दुसऱ्यांदा माझी. ज्यांना रेकॉर्ड विभाग म्हणजे रद्दीची खोली वाटते त्यांच्यासाठी सांगते: एका माणसाचा कागद दुसऱ्याच्या फाइलीत गेला की तो माणूस दुसऱ्याच्या आजारावरची औषधे घेत बसतो. चौतीस वर्षांत माझ्या हातून एकही कागद भलत्या फाइलीत गेला नाही. घरात मात्र माझीच फाइल बदलली गेली.

कलम चार. निवृत्तीच्या दिवशी हेडक्लार्कनी मला सर्वांतर्फे भिंतीवरचे घड्याळ दिले आणि भाषणात म्हणाले की, बाईंचा स्वभाव कडक असला तरी काम ठीक होते. ते घड्याळ तिसऱ्या दिवशी बंद पडले. ते त्यांना परत द्यावे. स्वभाव ठीक आहे, काम बंद आहे, असे सांगून द्यावे.

तळमजल्यावरच्या बाईंनी माझी घडीची शिडी 'आत्ता देते' म्हणून नेली. त्याला चार वर्षे झाली. ती त्यांनाच दिली. निदान आता ती चोरी राहणार नाही.

कलम पाच. वह्या.

लोखंडी कपाटात माझ्या रोजनिशीच्या एकोणसाठ वह्या आहेत. वर्षाला एक, पाठीवर क्रमांक. पहिली माझ्या तेराव्या वर्षाची. त्याआधीही मी रोजनिशी लिहीत होते, पण ती शाळेत. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शेवटच्या तासाची दहा मिनिटे त्यासाठी राखलेली असत, आणि लिहिलेले सगळे एक सिस्टर वाचत. हातात कायम पट्टी असायची म्हणून आम्ही त्यांना पट्टी सिस्टर म्हणत असू. त्या तपासायच्या रोजनिशीत मी फार गुणी मुलगी आहे. दुसरा कोणी वाचणार असेल तर माणूस स्वतःशीसुद्धा खरे बोलत नाही, हे मला तिथे कळले, आणि मी घरी वेगळी वही सुरू केली. तिला कुलूप नव्हते. लागेल असे वाटले नव्हते.

पट्टी सिस्टरांच्या दोन गोष्टी इथे नोंदवणे भाग आहे. एक म्हणजे, त्यांनी आम्हा सगळ्या मुलींना एकच अक्षर दिले. उंची, तिरकेपणा, दोन शब्दांतले अंतर, सगळे मोजून. माझे आणि धाकटीचे अक्षर आईलासुद्धा वेगळे ओळखता येत नसे. दुसरी गोष्ट अशी की, कुठल्याही घरची मुलगी असो, पानावर पहिला शब्द लिहिण्याआधी तिने डाव्या वरच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा क्रूस काढायचा. विसरली तर पट्टी. सवय इतकी मुरली की आम्ही वाण्याच्या यादीवरसुद्धा क्रूस काढत असू.

मी तो सोडला तेविसाव्या वर्षी. शाळेने मला शिक्षिकेची जागा देऊ केली होती आणि रुजू व्हायच्या आदल्या दिवशी कळवले की, माझा आवाज लहान मुलांच्या मानाने फार मोठा आहे. त्या संध्याकाळी मी पान उघडले आणि क्रूस न काढताच लिहायला लागले. देवाशी माझे काही वाकडे नव्हते. व्यवस्थापनाशी होते. तेव्हापासून, म्हणजे अकराव्या वहीच्या मध्यापासून, माझ्या एकाही पानावर क्रूस नाही.

आता चव्वेचाळिसावी वही. ती आईच्या शेवटच्या वर्षाची. आई आठ महिने या घरात अंथरुणावर होती. मी रजा साठवून ठेवली होती, ती सगळी तिथे वापरली. रोज तिचे आवरून झाले की तिच्या पायाशी स्टुलावर बसून लिहीत असे: काय खाल्ले, काय बोलली, कोणाची आठवण काढली. शेवटी शेवटी ती दिवसाला दोनतीन वाक्येच बोलायची. तीच उतरवून ठेवायची म्हणून मी लिहीत होते. आई गेल्यावर वही कपाटात ठेवली आणि पुढची चौदापंधरा वर्षे उघडली नाही. उघडवली नाही. पण ती आहे, एवढ्यावर माझे चालत होते.

तीन वर्षांपूर्वी धाकटीचा नवरा गेला आणि ती माझ्याकडे राहायला आली. मी तिला दोन खोल्यांतली मोठी खोली दिली. त्यानंतर वर्षभराने मी जिन्यावर पडले, खुब्याचे हाड मोडले आणि सात आठवडे घराबाहेर होते. धाकटी एक दिवसाआड डबा घेऊन यायची. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लागलेली असायची. मी विचारले तेव्हा म्हणाली, पत्रे लिहिते आहे. मला बरे वाटले. म्हटले, बाई सावरते आहे.

मागच्या वर्षी भाची चार दिवस राहायला आली होती. आई गेली तेव्हा ती परगावी वसतिगृहात होती, त्यामुळे आजीचे शेवटचे दिवस तिला ऐकूनच ठाऊक. जेवताना तिने विचारले, आजीजवळ तेव्हा कोण कोण होतं? मी इतकी वर्षे तिच्यापुढे तो विषय काढला नव्हता. पण त्या दिवशी सकाळपासून धाकटीशी कपडे वाळत घालण्यावरून वाजले होते, आणि माझ्या तोंडून निघून गेले. मी म्हणाले, "मी होते. तुझी आई आलीच नव्हती."

धाकटीने घास खाली ठेवला. चिडली नाही. तिने चिडायला हवे होते, हे मला आता कळते.

"ताई, अगं मी होते ना. तू किती दमलेली होतीस, तुला नसेल आठवत. डायरी काढ. तुझ्या डायरीत असेलच."

मी ताठ मानेने उठले. किल्ली काढली, चव्वेचाळीस क्रमांकाची वही काढली, टेबलाशी उभी राहिले आणि मोठ्याने वाचायला लागले, कारण माझा आवाज मोठा आहे. माझ्या अक्षरात लिहिले होते की धाकटी शेवटच्या चार दिवसांतल्या पहिल्याच दिवशी दुपारच्या गाडीने आली. आईने तिचा हात धरून ठेवला. दोन दिवस धाकटी उशाशी बसली आणि तिने मला झोपायला पाठवले.

मी ते दोनदा वाचले. दुसऱ्यांदा मनात. भाचीने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "जाऊ दे मावशी, होतं असं." तेवढे दोन शब्द मला पुढे डॉक्टरांनी केलेल्या सगळ्या तपासण्यांपेक्षा जास्त लागले. मी धाकटीची, तिच्या मुलीसमोर, माफी मागितली. बहात्तर वर्षांत मी मागितलेल्या माफ्या एका हाताच्या बोटांवर मावतील. त्यांतली ही एक.

तिने ती घेतली.

कोणालाही वाटेल, आपल्या आठवणीवर माणसाचा विश्वास असतो. माझा नव्हता. आठवण सरकते, कागद सरकत नाही, यावर माझी सगळी नोकरी गेली. रुग्ण एक सांगायचा, कागद दुसरे सांगायचा, आणि बरोबर कागद निघायचा. माझ्या डोक्यात धाकटी आली नव्हती आणि माझ्या वहीत आली होती, तर बिघाड डोक्यात आहे, यात मला शंका वाटली नाही. मी स्वतःहून स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी घड्याळ काढायला लावले, शंभरातून सात वजा करत जायला लावले, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. ते शब्द खुर्ची, नदी, सफरचंद. मला अजून पाठ आहेत. डॉक्टर म्हणाले, तुमचं काही बिघडलेलं नाही. मी म्हटले, ज्याचं बिघडतं त्याला कळत नाही असं तुमच्याच माहितीपत्रकात आहे. त्यावर ते हसले. मला हसू आले नाही.

त्या अकरा महिन्यांत मी गॅसच्या शेगडीला हात लावणे सोडले. बँकेचे कागद धाकटीच्या हवाली केले. गोळी घेतली का, हे मी तिला विचारायचे आणि ती सांगायची, "घेतलीस ताई, मघाशीच." कपाटाची किल्ली दिली. कोणाशी वाद झाला की मी आधीच म्हणायचे, माझं चुकत असेल. शेजारी म्हणायला लागले की बाई आता किती शांत झाल्यात. आणि मी रोजनिशी लिहिणे बंद केले. एकोणसाठावी वही अर्धी कोरी आहे. जिच्या डोक्यात आई मरतानाचे दिवस चुकीचे बसले, तिने आज दुपारी काय घडले ते लिहून काय करायचे?

मग भाचीचा फोन आला. तिला वह्यांचे फोटो काढून जपून ठेवायचे होते आणि मी त्या क्रमाने लावून ठेवाव्यात असे तिने सुचवले. मला वाटते तिला मला काही काम द्यायचे होते. मी धाकटीकडून किल्ली मागून घेतली आणि वह्या जमिनीवर मांडल्या. त्रेचाळीस आणि चव्वेचाळीस शेजारी उघडून ठेवल्या. चव्वेचाळीसच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा क्रूस होता. पान उलटले. पुन्हा क्रूस. दोनशे बारा पानांवर दोनशे बारा क्रूस. मी सोडून दिल्याला तेव्हा तेहतीस वर्षे झाली होती.

जमिनीवरून उठायला मला वेळ लागतो. त्या दिवशी उठून उभी राहीपर्यंत सगळे समजले होते.

तरी एकदा फसलेले माणूस स्वतःच्या डोळ्यांवरही विसंबत नाही. मी दोन्ही वह्या पिशवीत घातल्या आणि समोरच्या घड्याळवाल्यांकडे गेले. ते तीस वर्षे डोळ्याला भिंग लावून बसलेले गृहस्थ आहेत आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीत. त्यांनी दोन्ही वह्यांची पाने उजेडाला धरली. जुन्या वहीत शाई पाठीमागे उतरून पिवळी पडली होती. या वहीत शाई अजून नुसती वर बसलेली. कागद मात्र दोन्हींचा एकाच वयाचा, कारण या वह्या जिथे मिळत ते दुकान बंद होताना मी त्या डझनांनी घेऊन ठेवल्या होत्या आणि कोऱ्या वह्या त्याच कपाटात असतात. पाठीवरची क्रमांकाची चिठ्ठी वाफेवर काढून इथे चिकटवलेली. "कागद जुना, शाई तरुण," घड्याळवाले म्हणाले. "हे लग्न फार उशिरा झालंय, बाई."

धाकटी घरी मटार सोलत बसली होती. मी वही तिच्यापुढे ठेवली आणि कोपऱ्यावर बोट ठेवले. तिने पाहिले. मग म्हणाली, "हात आपोआप गेला असेल."

मूळ वही कुठे आहे, मी विचारले. रद्दीत, ती म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "आजी, दोन वर्षं झाली. तिचा आता पुठ्ठा झाला असेल."

तिने केले काय, तर माझी अख्खी वही उतरवून काढली. सात आठवडे, रोज चारपाच पाने. त्यात मी तिच्याबद्दल वर्षभर जे जे लिहिले होते, ती आपमतलबी आहे, आईची साडी न विचारता घेऊन गेली, फोनवर रडते आणि गाडीत बसत नाही, ते सगळे तिने स्वतःच्या हाताने, एक शब्द न गाळता, माझ्या अक्षरात लिहिले. बदलले फक्त शेवटचे चार दिवस. हे मला तिनेच सांगितले आणि सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा मऊ नव्हता.

"बाकीचं सगळं राहू दिलं मी. आपमतलबी तर आपमतलबी. पण वह्या तू माझ्या मुलीला देणार होतीस. मी मेल्यावर ती वाचणार की आई मरताना ही बाई आली नाही. मग माझं काय उरणार तिच्याजवळ?"

"मला विचारायचं होतंस. ती चार पानं मागायची होतीस."

"दिली असतीस?"

मी खोटे बोलले नाही. म्हटले, नाही.

"मग?" असे म्हणून ती पुन्हा मटार सोलायला लागली.

त्या 'मग'चे उत्तर मी इथे लिहून ठेवते, कारण तेव्हा मला सुचले नाही. तू वही बदललीस ते मी एक वेळ समजू शकते. आपल्या मुलीच्या नजरेतून उतरण्याची भीती काय असते, ते मूल नसले तरी मला कळते. पण मी डॉक्टरांसमोर घड्याळ काढत होते तेव्हा तू शेजारच्या खुर्चीत माझी पर्स मांडीवर धरून बसली होतीस. तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास. एक वाक्य बोलली असतीस तर मी घरी शहाणी परतले असते. ते वाक्य तू अकरा महिने, रोज, माझ्याबरोबर दोन वेळा जेवताना, गिळलेस. चार दिवस चोरलेस त्याची शिक्षा मी करत नाही. ही दुसरी गोष्ट मात्र माझ्याच्याने माफ होत नाही, आणि मी गेल्यावर माझ्या वतीने कोणी ती केल्याचे सांगू नये.

कलम सहा. ते चार दिवस.

मूळ वही राहिलेली नाही. म्हणून काय घडले ते इथे लिहिते, कारण हा कागद सरकारी कपाटात जाईल आणि तिथल्या किल्ल्या आमच्या घरात नसतात.

पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता बोलावून घ्या. मी धाकटीला फोन केला. गाडीने पाच तासांचे अंतर. तिच्या नवऱ्याच्या बदलीचे घाटत होते आणि त्याचे साहेब जेवायला येणार होते. ती म्हणाली, उद्या निघते. दुसऱ्या दिवशीही म्हणाली, उद्या निघते. तिसऱ्या दिवशी मी फोन केला नाही. चौथ्या दिवशी सकाळी सव्वाअकराला आई गेली. धाकटी पाचव्या दिवशी आली.

एवढे मूळ वहीत होते. नव्हते ते असे: तिसऱ्या दिवशी धाकटीनेच फोन केला. म्हणाली, आईच्या कानाला लाव, मला दोन शब्द बोलू दे. आई जागी होती. फोनची तार तिच्या पलंगापर्यंत पोचत होती. मी म्हटले, ती झोपली आहे. हे मी रोजनिशीत लिहिले नाही. मटार सोलून झाल्यावर धाकटीने मला ते विचारले: "ते लिहिलं होतंस का, ताई?" तिला इतकी वर्षे माहीत होते, कारण मागून आईचा खोकला ऐकू गेला होता. मी नोंद घेते की, ही चूक माझी आहे. यामुळे तिची चूक कमी होत नाही. दोन्ही वेगवेगळ्या फाइली आहेत.

कलम सात. वह्यांची व्यवस्था.

सगळ्या वह्या, नकली चव्वेचाळिसावीसह आणि मी या महिन्यात सुरू केलेल्या साठाव्या वहीसह, भाचीला. नकली वही फाडू नये, वेगळी काढू नये. ती तिच्या क्रमांकावर राहील आणि या मृत्युपत्राची एक प्रत तिच्यात घातलेली असेल. कोणाला वह्या दाखवायच्या, फोटो काढायचे की नाही, हे भाचीने ठरवावे. मी आता जपण्याबाबत कोणाला सल्ला देण्याच्या योग्यतेची राहिले नाही.

भाचीकडे एक काम सोपवते. वकील म्हणतात, याची कायद्याने सक्ती करता येणार नाही. त्यांना म्हणू दे.

नकली वहीत, एकशे अठ्ठ्याण्णव क्रमांकाच्या पानावर, आई जाण्याच्या आठ दिवस आधीची नोंद आहे. खाली शेवटी लिहिले आहे: 'आई म्हणाली, तू जवळ आहेस ना, मग मला भीती नाही वाटत.' आई मला असे म्हणाली असेल. ती तसे बोलायची. मला तिचा आवाजही ऐकू येतो. पण त्या अकरा महिन्यांत मी ते पान इतक्या वेळा वाचले की आता ऐकू येतो तो आईचा आवाज आहे की वाचून वाचून मीच तयार केलेला, हे मला सांगता येत नाही. मूळ वही असती तर पाहिले असते. धाकटीने माझ्याकडून चार दिवस घेतले, त्याच्या भरपाईला एक वाक्य ठेवून दिले असेल का? तिच्यात तेवढी दया आहे. हेच तिच्याबद्दलचे सगळ्यांत अवघड आहे.

मी तिला विचारले. ती म्हणाली, "ते तसंच होतं ताई, मी नुसतं उतरवलं." हे म्हणताना तिचा चेहरा अगदी 'डायरी काढ' म्हणाली होती तेव्हासारखा होता. मी पुन्हा विचारणार नाही. जिवंत असेपर्यंत मला खरे उत्तर मिळणार नाही, कारण मी समोर असले की तिला एकतर मला दुखवायचे असते किंवा सांभाळायचे असते.

म्हणून भाचीने, मी गेल्यावर, चारचौघांत नव्हे, दोघीच असताना, आपल्या आईला एकदाच विचारावे. तेव्हा तिला खोटे बोलायला कोणी उरलेले नसेल. उत्तर मला कळणार नाही, याची मला कल्पना आहे. तरी विचार. आई तसे म्हणाली होती असे निघाले, तर काही करू नकोस. म्हणाली नव्हती असे निघाले, तर ते वाक्य खोडू नकोस. बाजूला समासात लिही, हे माझ्या आईने माझ्या मावशीसाठी लिहिले.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. व्यवस्थापक म्हणून वकिलांना नेमते. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे ते सांगतात, म्हणून घड्याळवाल्यांना माझे भिंग मागच्या आठवड्यातच हातात दिले आहे. ते या मिळकतीत धरू नये.

साक्षीदार पहिले: स्मरणशक्तीचे डॉक्टर. सही केली. सहीआधी मी त्यांना ते तीन शब्द विचारले. त्यांना दोनच आठवले.

साक्षीदार दुसरे: घड्याळवाले. सही केली. सातव्या कलमाशी त्यांनी भिंग काढून रुमालाने पुसले.

मृत्युपत्र करणार: सही, पूर्ण नावासह, जोडपत्र क्रमांक एकप्रमाणे.

स्थळ: राहते घर, दुसरा मजला. धाकटी आतल्या खोलीत आहे. दार उघडे आहे आणि मी वाचत असताना तिने ते लावून घेतले नाही.

दिनांक: आजचा, नोंदणीच्या शिक्क्यावर असेल तोच.